वाळूत रुतायचं आणि परत निघायचं: दुसऱ्या महायुद्धातल्या एलसीआय बोटींची कामगिरी

समुद्रातून येऊन शत्रूच्या किनाऱ्यावर फौज उतरवायची, तर शत्रूच्याही आधी पाणी आडवं येतं. मोठ्या जहाजाला तरंगायला खोली लागते आणि माणसं उतरवायला धक्का लागतो. धक्के असलेली बंदरं शत्रू डोळ्यांत तेल घालून राखत असतो, म्हणून हल्ला करणाऱ्याच्या वाट्याला येते ती उघडी पुळण. आता पुळणीपासून समुद्रात काहीशे मीटरचा पट्टा असा असतो, की तिथवर जहाज पोचत नाही आणि पाठीवर बंदूक, दारूगोळा, शिधा असं सगळं लादलेला सैनिक तिथून पोहून येऊ शकत नाही. दुसऱ्या महायुद्धात हा पट्टा ओलांडण्यासाठी तऱ्हेतऱ्हेच्या नौका बांधल्या गेल्या. त्यांतल्या एका जातीबद्दल हा लेख आहे: लँडिंग क्राफ्ट इन्फन्ट्री, म्हणजे पायदळाला किनाऱ्यावर उतरवणारी बोट. थोडक्यात, एलसीआय.

महायुद्धावर वाचताना आपल्याला विमानवाहू जहाजं भेटतात, पाणबुड्या भेटतात, ‘बिस्मार्क’ आणि ‘यामातो’सारखी नावं पाठ होतात. एलसीआयला नावंच नव्हती, फक्त नंबर होते. ८५ नंबरची बोट, ९४ नंबरची, ४४९ नंबरची. या बोटींनी काय सोसलं ते वाचल्यावर त्यांच्याबद्दल मराठीत नीट लिहिलं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्यांचं काम काय होतं आणि ते इतकं जीवघेणं का होतं, हे समजलं की फ्रान्समधली नॉर्मंडी आणि पॅसिफिकमधलं जपानी बेट इवो जिमा इथल्या लढायाही जास्त चांगल्या कळतात.

मधल्या आकाराची बोट

किनाऱ्यावर फौज उतरवण्याच्या दोन पद्धती बहुतेकांना चित्रांतून माहीत असतात. पहिली म्हणजे हिगिन्स बोट. लाकडी, छोटी, छत्तीसेक माणसं मावतील एवढी, पुढची फळी धाडकन पाण्यात पडते आणि सैनिक पळत सुटतात. पण ही बोट महासागर पार करू शकत नाही. ती मोठ्या जहाजावर लादून न्यावी लागते, किनाऱ्याजवळ पाण्यात सोडावी लागते आणि सैनिकांना जहाजाच्या कडेला टाकलेल्या जाळीवरून तिच्यात उतरावं लागतं. दुसरी म्हणजे एलएसटी, रणगाडे आणि ट्रक पोटात घेऊन येणारं भलंमोठं जहाज. ते स्वतः किनाऱ्याला लागतं खरं, पण अवजड आणि संथ.

ब्रिटिशांना या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं. साधारण दोनशे सैनिक घेऊन स्वतःच्या बळावर समुद्र ओलांडणारी, बऱ्यापैकी वेगवान आणि थेट वाळूला टेकणारी बोट. इंग्लंडमधल्या गोद्या तेव्हा कामाने ओसंडून वाहत होत्या, म्हणून त्यांनी १९४२ मध्ये ही मागणी अमेरिकेकडे नेली. अमेरिकेने आराखडा केला आणि त्याच वर्षाच्या शरद ऋतूत पहिल्या बोटी पाण्यात उतरल्या. युद्ध संपेपर्यंत अशा ९२३ बोटी तयार झाल्या.

बोट साधारण ४८ मीटर लांब आणि जेमतेम ७ मीटर रुंद. दोनशेच्या आसपास सैनिक आणि बोट चालवणारे सुरुवातीला चोवीसेक जण: तीन अधिकारी, बाकी खलाशी. वेग जास्तीत जास्त १६ नॉट, म्हणजे ताशी तीसेक किलोमीटर. सैनिकांसाठी खाली एकावर एक बाकडी. तळ सपाट असल्यामुळे जराशी लाट आली तरी बोट डावी-उजवीकडे लोळायची, आणि खालच्या कोंदट खणांत बसलेल्या पायदळाचे उलट्या करून हाल व्हायचे. बोटीला चिलखती पत्रा जवळजवळ नव्हताच. तोफांभोवती आणि सुकाणूच्या खोलीभोवती गोळ्यांच्या छर्ऱ्यांपासून बचाव करणारा एक जाड थर, तेवढाच. बाकी सगळा पातळ पोलादी पत्रा. जाड पत्रा लावला तर वजन वाढतं, वजन वाढलं तर बोट खोल बुडते आणि खोल बुडणारी बोट किनाऱ्यापर्यंत जाऊ शकत नाही. बोटीला संरक्षण देणं आणि तिला तिचं काम करू देणं, या दोन गोष्टी एकत्र जमत नव्हत्या. पुढे जे घडलं त्याचं मूळ या हिशेबात आहे.

इंजिनांची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. युद्धकाळात जहाजांची मोठी इंजिनं मिळणं मुश्किल होतं. म्हणून जनरल मोटर्सची ६-७१ नावाची डिझेल इंजिनं घेतली, जी बसला आणि ट्रकलाही लागत. अशी आठ इंजिनं. चार-चारांचा एक संच, आणि एका संचाने एक दांडा फिरायचा. एखादं इंजिन बिघडलं तर ते वेगळं काढून उरलेल्यांवर बोट चालवता येई. त्याहून हुशारीची गोष्ट दांड्याच्या टोकाला, पाण्यात फिरणाऱ्या पंख्यात होती. पंख्याची पाती जागच्या जागी वळवता येत, त्यामुळे इंजिन न थांबवता, त्याच दिशेने फिरत असतानाच, बोट पुढे ढकलायची की मागे ओढायची हे काही क्षणांत बदलता येई. किनाऱ्यावरून सुटका करून घ्यायला ही सोय किती मोलाची होती, ते आता पाहू.

टेकायचं कसं आणि सुटायचं कसं

जहाज वाळूत रुतणं हा एरवी अपघात. इथे तोच रोजचा धंदा. त्यामुळे तो फार काळजीपूर्वक करावा लागे.

किनाऱ्याजवळ येताना बोटीचं पुढचं टोक, म्हणजे नाळ, वर आणि मागचा भाग थोडा खाली असा तोल साधलेला असायचा. टेकताना नाळेखाली जेमतेम तीन फूट पाणी पुरे, मागे पाचेक फूट. किनारा हा उताराचा असतो, त्याला हा तिरपा तळ जुळतो. पुळणीपासून बरंच अंतर असताना मागचा नांगर सोडायचा. हा नांगर पोलादी तारेने एका यंत्रचलित रहाटाला बांधलेला असे. बोट पुढे जाते तशी तार सुटत जाते. नाळ वाळूला टेकली की इंजिनं पुढच्या दिशेने चालूच ठेवायची, म्हणजे बोट जागेवर दाबून धरली जाते. मग दोन्ही बाजूंच्या लांब, अरुंद शिड्या पुढे सरकवून पाण्यात सोडायच्या आणि त्यांवरून सैनिक एका रांगेत खाली उतरणार. सगळे उतरले की शिड्या वर, पंख्याची पाती उलटी आणि मागच्या नांगराची तार रहाटाने गुंडाळायला सुरुवात. नांगर समुद्रतळाला धरून असतो, म्हणून तार गुंडाळली की बोट मागे खेचली जाते.

लिहायला सोपं आहे. करताना मात्र तीन गोष्टी आडव्या येतात.

पहिली, किनाऱ्याला समांतर वाहणारा प्रवाह. त्याने मागचा भाग बाजूला ढकलला की बोट पुळणीला आडवी पडते, आणि आडवी पडलेली बोट प्रत्येक लाटेबरोबर आणखी वर सरकत जाते. मागचा नांगर तिला सरळ धरून ठेवतो. नांगराची तार तुटली किंवा गोळ्याने उडाली, की बोटीचं भवितव्य लाटांच्या हाती.

दुसरी, भरती-ओहोटी. कोकणात होडी पुळणीवर घेणाऱ्या कुणाही कोळ्याला हे सांगावं लागणार नाही: ओहोटी लागलेली असताना होडी टेकवली आणि थोडं रेंगाळलं, तर पुढच्या भरतीपर्यंत बसून राहायचं. फरक एवढाच की एलसीआयला बसून राहायची मुभा नव्हती, कारण किनाऱ्यावर तोफा होत्या.

तिसरी गोष्ट वरून दिसत नाही. पुळण नेहमी एकसारख्या उताराची नसते. किनाऱ्यापासून थोडं आत वाळूची दांडी असते आणि दांडी व पुळण यांच्यामध्ये पाण्याने कोरलेली खोल चर. बोट दांडीला टेकते, खलाशांना वाटतं किनारा लागला, पहिला सैनिक उतरतो आणि डोक्यावरून पाणी जातं. भारतीय नौदलालाही हा अनुभव आला आहे. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या शेवटी कॉक्स बाजारजवळ गुरखा पलटणीचे जवान ‘आयएनएस घडियाल’वरून उतरवताना असंच झालं. समोर शत्रू नव्हता, कुणी गोळी झाडत नव्हतं, तरी जवान बुडून मेले. किनाऱ्याचा तळ आधी मोजून घेणं इतकं महत्त्वाचं का, ते या एका प्रसंगावरून कळतं. पॅसिफिकमध्ये त्यासाठी पोहणाऱ्यांची खास पथकं होती. त्यांच्याकडे पुढे येऊच.

८५ नंबरची बोट

आता एका बोटीचा माग काढू. एलसीआय-८५ ही अमेरिकी तटरक्षक दलाच्या, म्हणजे कोस्ट गार्डच्या, माणसांनी चालवलेली बोट होती. युद्धकाळात अमेरिकी कोस्ट गार्ड नौदलाच्या हुकमतीखाली गेलं होतं आणि लाटांमध्ये छोट्या बोटी हाताळण्यात त्यांचा हात बसलेला होता. म्हणून २४ एलसीआयचा एक आख्खा ताफा त्यांच्याकडे दिला गेला. कॅप्टन माइल्स इम्ले त्याचे प्रमुख.

१९४३ च्या सुरुवातीला हा ताफा स्वतःच्या इंजिनांवर अटलांटिक ओलांडून उत्तर आफ्रिकेला पोचला. सपाट तळाच्या, ४८ मीटरच्या बोटींनी अटलांटिक पार करणं हीच एक कामगिरी म्हणायची. जुलै १९४३ मध्ये सिसिली, सप्टेंबरमध्ये इटलीतलं सालेर्नो, आणि मग इंग्लंड. म्हणजे नॉर्मंडीच्या वेळी ही माणसं नवखी नव्हती. दोन मोठे हल्ले त्यांनी पाहिले होते. ८५ ची सूत्रं तेव्हा लेफ्टनंट कॉइट हेंडली यांच्याकडे होती.

६ जून १९४४, ओमाहा किनारा. इथे भरती-ओहोटीचं गणित समजून घ्यावं लागेल. नॉर्मंडीच्या त्या भागात ओहोटी आणि भरतीतल्या पाण्याच्या पातळीत सहाएक मीटरचा फरक पडतो. ओहोटीला पुळण शेकडो मीटर उघडी पडते. जर्मनांनी या उघड्या पट्ट्यात पोलादी फाटकं, तिरके रोवलेले ओंडके आणि पोलादी तुळयांचे काटे उभे केले होते आणि कित्येकांच्या टोकाला रणगाडाविरोधी सुरुंग बांधले होते. दोस्त राष्ट्रांनी हल्ल्याची वेळ मुद्दाम ओहोटीच्या सुमाराची, सकाळी साडेसहाची ठरवली. अडथळे कोरडे दिसत असताना पहिल्या तुकड्यांबरोबरच्या इंजिनिअरांनी ते उडवायचे, सोळा मोकळ्या वाटा करायच्या आणि त्या वाटांनी मागून येणाऱ्या मोठ्या बोटींनी शिरायचं, असा बेत होता.

इंजिनिअर गोळीबारात कापले गेले. ठरलेल्या वाटांपैकी मोजक्याच मोकळ्या झाल्या आणि त्यांच्या खुणाही धड लागल्या नाहीत. दरम्यान पाणी चढत होतं, तासाला चारेक फुटांनी. एलसीआय बोटींची वेळ आली तोवर अडथळे अर्धे पाण्याखाली गेले होते. दिसणारे ओंडके चुकवता येतात, न दिसणारे नाही. त्यात या बोटी हिगिन्स बोटींपेक्षा चौपट लांब आणि उंच, त्यामुळे टेकडीवरच्या तोफांना ठळक निशाण.

साडेआठच्या सुमारास ८५ किनाऱ्याकडे वळली. अडथळ्यांत अडकली, मागे हटली, दुसरीकडून शिरली. सुरुंग फुटला. शिड्या खाली गेल्या तसा जर्मन तोफांनी तिच्यावर नेम धरला. गोळे पातळ पत्रा फोडून थेट सैनिकांच्या खणांत जाऊन फुटत होते. उतरायची वाट म्हणजे नाळेच्या बाजूची ती उघडी, अरुंद शिडी. एका रांगेत, एकामागून एक, कसलाही आडोसा नाही. मशिनगनवाल्याला यापेक्षा सोपं लक्ष्य मिळत नाही. थोडे सैनिक उतरले तोवर शिडीच उडाली. बोटीला आग लागली, खालून पाणी भरू लागलं. पंधराच्या आसपास माणसं ठार झाली, जखमी त्याहून कितीतरी जास्त.

आणि तरीही खलाशांनी ती बोट मागे काढली. जळत्या, भोकं पडलेल्या बोटीची आग विझवत, पंपाने पाणी उपसत ते तिला काही मैल आत, ‘सॅम्युएल चेस’ या वाहतूक जहाजापर्यंत घेऊन गेले. जखमी आणि मृत त्या जहाजावर चढवले. त्याच दुपारी ८५ बुडाली. बोट बुडाली म्हणून तिच्या खात्यावर अपयश लिहिलं जातं. मला मात्र त्या दिवशीचं तिचं सगळ्यांत मोठं काम हेच वाटतं. किनाऱ्यावर ती बसली असती तर पोटातल्या जखमींपैकी फार थोडे वाचले असते.

या ताफ्याने आणखी तीन बोटी त्या दिवशी ओमाहावर गमावल्या: ९१, ९२ आणि ९३. पहिल्या दोन सुरुंग आणि तोफांच्या माऱ्यात पेटल्या. ९३ ची गोष्ट वेगळी. तिने एक खेप नीट पूर्ण केली होती. दुसऱ्या खेपेला आली तेव्हा पाणी ओसरू लागलं होतं. ती वाळूच्या दांडीवर बसली आणि मग तोफखान्याने तिला जागच्या जागी फोडली.

९४ नंबरच्या बोटीशी एक प्रसिद्ध माणूस जोडलेला आहे. छायाचित्रकार रॉबर्ट कापा त्या सकाळी ओमाहावर उतरला होता. फोटो काढून झाल्यावर पाण्यातून चालत तो जवळ दिसलेल्या एका एलसीआयवर चढला, ती ही ९४. तो चढतो न चढतो तोच गोळा बसला आणि सगळीकडे पिसांसारखं काहीतरी उडू लागलं. मेलेल्या खलाशांच्या लाइफ जॅकेटमधला सावरीच्या जातीचा कापूस होता तो. ओमाहाचे जे हललेले, धूसर फोटो जगाने पाहिले, ते काढणारा माणूस या बोटीने परत आणला.

पुढच्या एलसीआय बोटींच्या काही तुकड्यांमध्ये बाजूच्या उघड्या शिड्या गेल्या, त्याऐवजी नाळेलाच दारं बसवली आणि मधोमध एकच उतार ठेवला. निदान उतरताना तरी दोन बाजूंना पत्रा असावा, एवढी सोय.

माणसं नेणारी बोट तोफा नेऊ लागली

पॅसिफिकमध्ये या बोटींना वेगळंच काम मिळालं. तिथे एक अडचण वारंवार येत होती. युद्धनौका बेटावर तासन्‌तास मोठ्या तोफांचा मारा करत. पण आपले सैनिक किनाऱ्याजवळ आले की तो मारा थांबवावा किंवा पुढे सरकवावा लागे, नाहीतर गोळे आपल्याच माणसांवर पडायचे. मारा थांबणं आणि सैनिक वाळूवर पाय ठेवणं यांच्यामध्ये काही मिनिटं जात. तेवढ्या वेळात खंदकातला जपानी सैनिक डोकं वर काढून मशिनगनवर परत बसे. ही मिनिटं भरून काढायला कुणीतरी अगदी जवळ जाऊन शेवटच्या क्षणापर्यंत गोळीबार करत राहायला हवा होता.

इतक्या उथळ पाण्यात जाणारी आणि तोफांचं वजन पेलणारी बोट शोधायला लांब जावं लागलं नाही. एलसीआयमधल्या सैनिकांच्या बाकड्यांची जागा आता दारूगोळ्याने घेतली. ४० मिलिमीटर आणि २० मिलिमीटरच्या तोफा चढवल्या, अग्निबाणांच्या घोड्या बसवल्या. या रूपाला एलसीआय (जी) म्हणत, म्हणजे गनबोट. जानेवारी १९४४ च्या अखेरीस मार्शल बेटांमधल्या क्वाजालीनच्या हल्ल्यात ही कल्पना कसाला लागली आणि टिकली. मग तर नुसत्या अग्निबाणांच्या आणि उखळी तोफांच्याही एलसीआय निघाल्या. पत्रा मात्र तोच राहिला, पातळ.

१७ फेब्रुवारी १९४५. इवो जिमावर मुख्य हल्ला दोन दिवसांवर आला होता. पोहणाऱ्या पथकांना किनाऱ्यापर्यंत जाऊन तळ कसा आहे, अडथळे आहेत का, सुरुंग आहेत का, हे बघून यायचं होतं. त्यांना आडोसा म्हणून बारा एलसीआय (जी) किनाऱ्याच्या दिशेने निघाल्या. बेटाचे सेनापती जनरल कुरिबायाशी यांनी आपल्या तोफखान्याला सक्त ताकीद दिली होती: सैन्य उतरेपर्यंत गप्प राहायचं, जागा उघडी करायची नाही. बेटावरच्या कित्येक मोठ्या तोफा अमेरिकी विमानांच्या फोटोंत दिसतच नव्हत्या, इतक्या बेमालूम दडवलेल्या.

आता किनाऱ्यावरून काय दिसलं असेल याचा विचार करा. सैन्य उतरवणाऱ्या बोटीच्या आकाराच्या बारा बोटी रांगेने पुळणीकडे येताहेत. दडलेल्या तोफखान्याला वाटलं, हाच तो मुख्य हल्ला. सुरिबाची डोंगराच्या पायथ्यापासून आणि उत्तरेच्या कड्यांमधून तोफा उघडल्या.

बाराच्या बारा बोटींना गोळे लागले. ४७४ बुडाली. ४४९ ची सूत्रं रूफस हेरिंग या तेवीस वर्षांच्या तरुणाकडे होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या रोझबरो नावाच्या छोट्या गावचा, तीन वर्षांपूर्वी कॉलेजमधून बाहेर पडलेला. पहिल्या तडाख्यांत ४४९ च्या मोठ्या तोफा निकामी झाल्या, डेक पेटला, हेरिंग जखमी होऊन बेशुद्ध पडला. शुद्धीवर येतो न येतो तोच एक उखळी गोळा थेट बोटीच्या वरच्या नियंत्रण मंचावर पडला. तिथले बहुतेक अधिकारी मारले गेले किंवा मरणासन्न झाले. बोट कुणाच्याच ताब्यात नव्हती, नुसती गरगरत होती.

हेरिंग दुसऱ्यांदा शुद्धीवर आला. रक्त वाहत होतं. तो वरून खाली सुकाणूच्या खोलीत उतरला, चाक हातात घेतलं, इंजिनखान्याशी संपर्क जोडला आणि मदत येईपर्यंत बोट चालवली. उभं राहवेना तेव्हा रिकाम्या काडतुसांच्या नळकांड्यांना टेकून बसला आणि तिथून माणसांना जखमींकडे पाठवत राहिला. उरलेल्या २० मिलिमीटरच्या तोफा चालू ठेवून त्याने बोट रांगेत धरून ठेवली आणि मग ती बाहेर काढली. ‘टेरर’ हे सुरुंग पेरणारं मोठं जहाज मागे थांबलेलं होतं. जखमी बोटी एकेक करून त्याच्याकडे आल्या. हेरिंगला अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, मिळालं. त्याच दिवसासाठी इतर बोटींच्या दहा कप्तानांना नेव्ही क्रॉस हे त्याखालोखालचं पदक मिळालं. दोन तासांच्या आतबाहेर चाललेल्या एका झटापटीत एका छोट्या ताफ्याला इतकी पदकं क्वचितच मिळाली असतील.

पोहणारे आपलं काम करून परतले. शिवाय ज्याची कुणी योजना आखली नव्हती, तेही झालं: जपानी तोफखान्याने आपल्या जागा स्वतःहून उघड केल्या. दुसऱ्या दिवशी युद्धनौकांनी आपला मारा त्या जागांवर वळवला. १९ तारखेला मरीन सैनिक उतरले तेव्हाही इवो जिमावर प्रचंड संहार झालाच. पण त्या तोफा शाबूत राहून उतरणीच्या क्षणी बाजूंनी बोलल्या असत्या, तर पहिल्या लाटांचं काय झालं असतं याची कल्पना या बारा बोटींच्या अवस्थेवरून करता येते. त्यांनी तो मार स्वतःच्या अंगावर घेतला.

तिसरा झेंडा

हीच बोट रशियन खलाशांनीही वापरली, हे फारसं सांगितलं जात नाही. १९४५ मध्ये अलास्कातल्या कोल्ड बे इथे अमेरिकेने सोव्हिएत नौदलाला गुपचूप जी जहाजं सोपवली, त्यांत ३० एलसीआय होत्या. सोव्हिएत खलाशांना त्या चालवायचं शिक्षणही तिथेच दिलं गेलं. १५ ऑगस्टला जपानच्या सम्राटाने शरणागतीचं भाषण केलं आणि तीन दिवसांनी, १८ ऑगस्टला, सोव्हिएत फौजा कुरील बेटांच्या साखळीतल्या शुमशू बेटावर उतरल्या. पहिल्या फळीत नौदलाचं पायदळ होतं. बोटी जड भरलेल्या, किनाऱ्यापासून दूरच थांबल्या, माणसांना खोल पाण्यात उड्या माराव्या लागल्या. किनाऱ्यावरच्या जपानी तोफा शाबूत होत्या. त्या लढाईत पाच एलसीआय गेल्या. ओमाहाला चौदा महिने झाले होते आणि चुका जवळपास त्याच होत्या: तोफा शांत न करता, तळ नीट न मोजता, उंच आणि पातळ पत्र्याची बोट सरळ आत घालणं.

खडकवासल्याचा धागा

आपल्याकडेही या प्रकारच्या युद्धाची तयारी झाली होती. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर १९४५ मध्ये भारतीय पलटणी समुद्रातून उतरल्या. जानेवारीत रामरी बेटावर, २ मेला रंगूनजवळ, दोन्हीकडे २६ वी भारतीय डिव्हिजन होती. अशा उतरणीचा सराव करण्यासाठी पुण्याजवळ खडकवासल्याच्या जलाशयाकाठी तिन्ही दलांचं एक प्रशिक्षण केंद्र होतं आणि उत्तर काठावर ‘एचएमएस अँगोस्टुरा’ या नावाची जहाजाची प्रतिकृती उभी केलेली होती. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या कुशीत, सैनिक जहाजावरून उतरायला शिकत होते. युद्धानंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा शोधताना खडकवासल्याची निवड झाली, त्यामागच्या कारणांत हे जुनं केंद्र आणि ती प्रतिकृती यांचाही वाटा होता. मालाडच्या मार्वे किनाऱ्यावरचा आयएनएस हमला हा तळही मूळचा लँडिंग क्राफ्टच्या कामाशीच जोडलेला.

युद्ध संपल्यावर एलसीआय बोटींची कुणाला गरज उरली नाही. बहुतेक भंगारात गेल्या, काही मासेमारीला, काही ओंडके ओढायला. अमेरिकेत आज जतन करून ठेवलेल्या दोन बोटींबद्दल सांगता येईल. ७१३ नंबरची बोट ओरेगनमधल्या पोर्टलंडला आहे. ती १९४५ मध्ये फिलिपिन्समधल्या झांबोआंगाच्या आणि बोर्निओतल्या ब्रुनेई उपसागराच्या हल्ल्यात होती. स्वयंसेवक तिची डागडुजी करतात. दुसरी, १०९१ नंबरची, कॅलिफोर्नियातल्या युरेकाला. तिचं उत्तरायुष्य विशेष आहे. ओकिनावाच्या मोहिमेनंतर ती कोरियन युद्धात परत सेवेत आली, ती साथरोगांची तरंगती प्रयोगशाळा म्हणून. उथळ पाण्यात शिरून बेटांच्या अगदी जवळ जायची तिची क्षमता तिथेही कामाला आली. सैनिकांच्या बाकड्यांच्या जागी डॉक्टरांची टेबलं लागली आणि युद्धकैद्यांच्या छावणीत पसरलेल्या आजारांच्या तपासण्या तिच्यावर झाल्या.